गोया कोन भरस रे भो?

सकाळी ग्रुपवर एकाने त्या लढाऊ पायलटांच्या सिरीजचं कौतुक टाकलंय, "युद्ध अगदी जसंच्या तसं" म्हणे. डोकंच फिरलं. 1940 चं ब्रिटन, स्पिटफायर, आख्खी स्क्वाड्रन, आणि त्यात पायलट सोडून माणूसच नाही! पोरं मेसमध्ये पितात, भांडतात, धावत जाऊन विमानात बसतात, विमान आपोआप तयार. मेकॅनिकला डायलॉग एकच, "रेडी सर".

आमचे आप्पा, मोठे काका, पारोळ्याकडचे, 1971 ला एअरफोर्समध्ये आर्मरर होते, म्हणजे विमानाच्या तोफा भरणारे, नॅट या छोट्या लढाऊ विमानांवर. काल माझ्यासोबत दोन भाग बघितले आणि एवढंच बोलले, "आनि गोया कोन भरस रे भो?" म्हणजे गोळ्या कोण भरतो रे भाऊ?

बरोबरच आहे ना! स्पिटफायरच्या आठ मशीनगन सलग चालवल्या तर साधारण 15 सेकंदांत रिकाम्या, मग खाली यायचं आणि खाली कोणीतरी काडतुसांचे पट्टे घेऊन उभा पाहिजे, तो कुठाय?

आप्पांचा किस्सा घरात सगळ्यांना पाठ आहे. ब्लॅकआऊटची रात्र, टॉर्चला कागद गुंडाळलेला, 30 एमएमच्या पट्ट्यातली एक कडी त्यांना वाकडी वाटली. वरून घाई, शिव्या, पण यांनी आख्खा पट्टा काढून परत भरला आणि मगच फॉर्म 700 वर, म्हणजे विमानाच्या देखभालीच्या नोंदवहीत, सही केली. पायलटची सही त्याच्यानंतर. "पहिले मन्ही सही, मंग सायेबनी." हे सांगताना म्हातारा अजून ताठ बसतो.

हो, नॅटच्या तोफा तरी अडकायच्याच, ते आप्पाच सांगतात. आणि मरायला वर पायलटच जातो, मान्य. 14 डिसेंबर 1971 ला श्रीनगरवर नॅटचे पायलट निर्मलजित सिंग सेखों एकटे पाकिस्तानी सेबर विमानांच्या झुंडीला भिडले, एअरफोर्सचं एकमेव परमवीर चक्र, त्यांच्यापुढे कोण काय बोलणार.

पण त्या दिवशीही त्यांचं नॅट कोणीतरी भरलंच असेल ना? आपल्या खान्देशातल्यांना तरी हे कळायला पाहिजे, वरणगाव-भुसावळला घरोघरी ऑर्डनन्स फॅक्टरीतली माणसं आहेत, काडतुसं झाडाला लागत नाहीत हे आपल्याला कोणी शिकवायचं?

जाऊ द्या. उडायचे सीन भारी आहेत, आप्पासुद्धा इंजिनाचा आवाज आला की कानाचं मशीन नीट करत होते. पुढचे भाग बघणारच आहोत आम्ही दोघं. फक्त "जसंच्या तसं" लिहून मला टॅग करू नका.