फ्लेक्स नंतर लावा, आधी लॅबचं कुलूप काढा

शाळेची रोबोटिक्स टीम कुठं नंबर काढून आली की चौकात फ्लेक्स लागतो, हेडसर पेढे वाटतात आणि भाषणात एक वाक्य ठरलेलं असतं, "यांच्यापासून इतरांनी प्रेरणा घ्यावी." घ्यावी म्हणजे काय करावं हो? नववी ब मधल्या पोराला त्या रोबोटला कधी बोट लावू दिलेलं नसतं, आतलं वायरिंग दाखवलेलं नसतं, मग त्यानं काय फ्लेक्सकडं बघून प्रेरणा घ्यायची?

या विषयावर मला कायम अमेरिकेतलं एक हायस्कूल आठवतं, ॲरिझोनातल्या फिनिक्स शहरातलं कार्ल हेडन. वस्ती गरीब, बहुतेक पोरं मेक्सिकोतून आलेल्या घरांतली. 2004 साली तिथल्या चार पोरांनी पाण्याखाली चालणारा रोबोट बनवला आणि सांता बार्बराच्या स्पर्धेत थेट कॉलेजच्या गटात उतरली, जिथं समोर एमआयटी होतं, अमेरिकेतलं नावाजलेलं तंत्रज्ञानाचं विद्यापीठ! फ्रेडी लाजवर्दी आणि ॲलन कॅमेरॉन या त्यांच्या सरांचा हिशोब साधा होता, हरायचंच आहे तर मोठ्यांकडून हरू, त्यात काय लाज. यांचं बजेट साधारण 800 डॉलर, एमआयटीवाल्यांचं 11,000 च्या आसपास. रोबोटचा सांगाडा पीव्हीसी पाइपचा, पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा इतका वास मारायचा की नावच पडलं स्टिंकी, म्हणजे वासमाऱ्या.

आता माझा धंदा मोटार रिवाइंडिंगचा, बोअरच्या मोटारीत पाणी शिरलं की काय होतं ते मी रोज बघतो, त्यामुळं पुढचा किस्सा मला भारी आवडतो. स्पर्धेच्या ऐन तोंडावर यांच्या कंट्रोल बॉक्समध्ये पाणी शिरायला लागलं, आत सगळं इलेक्ट्रॉनिक्स, परत खोलून सील करायला वेळ नाही. मग पाणी शोषून घ्यायला आत काय भरलं, तर टॅम्पॉन, बायका पाळीत वापरतात ती कापसाची गुंडाळी! एक पोरगा दुकानात गेला, तिथल्या एका बाईंना लाजत लाजत विचारून घेऊन आला. आमच्या गॅरेजलाईनीत कुणी केलं असतं तर जुगाड म्हणून हसलो असतो, पण बॉक्स कोरडा राहिला आणि पोरांनी स्पर्धा जिंकली. वर टेक्निकल रायटिंगचं बक्षीसही यांनाच, ज्यांच्या घरात इंग्रजी बोलत नाहीत त्यांना!

लोक इथंच टाळ्या वाजवून थांबतात. मला पुढचं जास्त मोठं वाटतं. तिकडं डीन केमन या अमेरिकन संशोधकानं 1989 मध्ये 'फर्स्ट' नावाची संस्था काढली, तिच्या रोबोटिक्स स्पर्धेत सगळ्यात मानाचं बक्षीस जिंकणाऱ्या रोबोटला मिळतच नाही, टीमनं आपल्या शाळेत, गावात बाकीच्यांसाठी काय केलं, लहान पोरांना या कामात कसं ओढलं, ते बघून देतात. तेव्हा त्याला चेअरमन्स अवॉर्ड म्हणायचे, आता इम्पॅक्ट अवॉर्ड. 2008 ला ते याच कार्ल हेडनच्या टीमला मिळालं. म्हणजे चार वर्षांत तिथं चार हिरो नव्हे, पाठोपाठ येणाऱ्या पोरांची रांग तयार झाली होती.

आणि नुसत्या प्रेरणेनं सगळं गोड झालं असंही नाही. त्या चौघांकडं अमेरिकेत राहायची कागदपत्रं नव्हती. 2006 ला ॲरिझोनात कायदा बदलला, अशा पोरांची कॉलेजची फी आवाक्याबाहेर गेली आणि एकाला इंजिनिअरिंग अर्धवट सोडावं लागलं. दुसरा ऑस्कर वास्केझ डिग्री घेऊन स्वतःहून मेक्सिकोला परत गेला, नंतर परवानगी मिळवून आला आणि अमेरिकन आर्मीत भरती झाला. पोरांनी करायचं ते केलं, दार कुणाच्या हातात होतं ते सांगायला नको.

आपल्याकडं दार कुणाच्या हातात आहे? अटल टिंकरिंग लॅब, म्हणजे पोरांनी हातानं वस्तू बनवून शिकावं म्हणून शाळेत काढलेली सरकारी योजनेतली लॅब, तिला 20 लाखांपर्यंत अनुदान मिळतं, सहावी ते बारावीच्या सगळ्या पोरांसाठी. सगळ्या! काही सर खरंच जीव ओतून चालवतात, त्यांना हात जोडतो. पण मी एका शाळेत थ्रीडी प्रिंटर पाहिला, वर प्लास्टिकचं कव्हर, त्यावर बोटभर धूळ, साहेब येणार असले की पुसतात म्हणे. विचारलं तर उत्तर तयार, "पोरं मोडतील हो." अहो मोडल्याशिवाय दुरुस्त करायला शिकणार कशी, आमची अख्खी लाईन मोडण्यावर जगते.

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की दुकानात पोरं येतात, काका जुनी वायपरची मोटार आहे का, बारा व्होल्टची. मागं एक पोरगी आली, तिला म्हटलं तुमच्या शाळेत लॅब हाय की गं, तिथं नाही का मिळत? तर म्हणाली, "ती टीमची हाय काका, आमाला खिडकीतनं बघाय देतात."

तिला मोटार दिली, पैसे घेतले नाहीत, गिअर खोलून परत बसवून दाखव म्हटलं, तासभर बसली आणि बसवला पठ्ठीनं. हात काळे झाले तर खूश!

शनिवारी दुपारनंतर माझं टेबल रिकामं असतं. कुठल्या सरांना, मॅडमना पोरं पाठवायची असतील तर पाठवा, सोल्डरिंग मी शिकवतो, फी नाही. फक्त टीममधली नकोत, बाकीची पाठवा.