‘नुसती नावं’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

महोदय,

लेपाँटिक ही उत्तर इटली आणि दक्षिण स्वित्झर्लंडमधली प्राचीन भाषा, कोरीव लेखांतूनच उरलेली. तिच्यावरच्या माझ्या लेखाला तुम्ही ‘विकिपीडियाची उसनवारी’ म्हणालात, ती जिच्या नावाने ओळखली जाते त्या आल्प्समधल्या लेपाँटी जमातीला ‘कुठलीशी टोळी’ म्हणालात, आणि वर लिहिलंत, ‘थडग्यांतली नुसती नावं, त्याला भाषा म्हणतात? ती गॉलिशचीच बोली.’ (गॉलिश म्हणजे प्राचीन फ्रान्सच्या गॉल लोकांची भाषा.) मतभेद असू द्या, पण ही काय बोलायची रीत झाली? ऱ्हाइनचा उगम सांगताना सीझर या लोकांचं नाव घेतो. फ्रान्समधल्या ला त्युर्बीच्या विजयस्मारकावर रोमन सम्राट ऑगस्टसने जिंकलेल्या आल्प्समधल्या जमातींची यादी आहे, तीत ते आहेत. स्वित्झर्लंडमधलं लेव्हेंतिना खोरं आजही त्यांचं नाव चालवतंय. ‘कुठलीशी’ लिहिताना हात जरा अडखळायला हवा होता.

लेखात नकाशा हवा होता, ही तुमची तक्रार मान्य. टाकतो.

आता ‘नुसती नावं’. मी स्वित्झर्लंडमधल्या लुगानोत नोकरीला होतो. सुट्टी मिळाली की सीमेपलीकडे इटलीतल्या कोमोच्या संग्रहालयात जायचो. कोमोजवळच्या प्रेस्तिनोला सापडलेला लेपाँटिक लेख कोरलेला लांबलचक दगड मी तिथे समोर उभं राहून पाहिलाय, तुमच्यासारखा ऐकीव नाही. काळ इसवीसनपूर्व 500च्या आसपासचा. त्यावर नावं आहेतच, पण विभक्तिप्रत्यय लागलेली आहेत, आणि शेवटी ‘तेतु’ हे क्रियापद: दिलं. कोणी, कोणाला, काय दिलं, हे सांगणारं ते अख्खं वाक्य आहे.

इटलीतल्या ओर्नावास्सोच्या थडग्यातलं मद्यपात्र घ्या, तुमचा थडग्यांवर एवढा राग आहे म्हणून. ‘लातुमारुई साप्सुताइपे’, म्हणजे लातुमारोस आणि साप्सुता यांच्यासाठी. पुढे मद्याचा उल्लेख. यातला ‘पे’ संस्कृतातल्या ‘च’सारखा शब्दाच्या मागून येतो, आणि मुळात त्याचाच भाऊबंद आहे. नुसत्या नावांच्या यादीत चतुर्थी आणि उभयान्वयी अव्यय कुठून येतं, सांगा!

बोली की भाषा, यावर अभ्यासकांत वाद आहे. ती केल्टिक, म्हणजे गॉलिश, आयरिश यांच्या कुळातली आहे, हे फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल लझन यांनी 1971मध्ये नीट मांडलं. त्याआधी तिला लिगुरियन या वायव्य इटलीतल्या प्राचीन भाषेशीही जोडत. मी वेगळी भाषा मानतो, कारण गॉल लोक इटलीत येण्याआधीपासून ती तिथे लिहिली जात होती. गॉल लोकांनी रोम लुटलं ते इसवीसनपूर्व 390च्या सुमारास, आणि प्रेस्तिनोचा कोरीव लेख त्याच्या शतकभर आधीचा. इटलीतल्याच कास्तेल्लेत्तो तिचिनोच्या भांड्यावरची अक्षरं तर त्याहूनही जुनी, इसवीसनपूर्व सहाव्या शतकातली.

‘उसनवारी’ला उत्तर देणार नाही. या कोरीव लेखांच्या वाचनावर हरकत असेल तर अवश्य लिहा. हाच सूर असेल, तर पुढची प्रतिक्रिया इथे दिसणार नाही.