साखर उतरली की उदासी जाते, हे म्हणणे का टिकत नाही

मधुमेह्यांच्या नैराश्याविषयी एक मजकूर सध्या सर्वत्र फिरतो आहे. आजाराच्या धक्क्याने आणि पथ्याच्या कंटाळ्याने माणूस खचतो, त्याचा शरीराशी संबंध नाही, आणि साखर आटोक्यात आली की मन आपोआप सावरते, असा त्याचा आशय आहे.

धक्क्याची गोष्ट खोटी नाही. मधुमेह असूनही ज्यांचे निदान झालेले नाही, त्यांच्यात नैराश्याचे प्रमाण इतरांहून फारसे वेगळे आढळलेले नाही. म्हणजे निदानाचे आणि उपचारांचे ओझे खरेच असते.

परंतु सगळे एवढ्यावरच थांबत असते, तर नैराश्य नेहमी मधुमेहानंतरच आले असते. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या, अनेक दीर्घकालीन अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात नैराश्य असलेल्यांना पुढे टाइप 2 मधुमेह होण्याची जोखीम सुमारे 60 टक्क्यांनी अधिक दिसली, तर मधुमेह्यांना नैराश्य येण्याची जोखीम सुमारे 15 टक्क्यांनी अधिक होती. जो आजार अजून झालेलाच नाही, त्याच्या धक्क्याने कोणी खचत नाही. यात बैठेपणाचा आणि बिघडलेल्या झोपेचा वाटा आहेच. मात्र नैराश्यात, विशेषतः ते तीव्र असताना, अनेकांच्या रक्तात कॉर्टिसॉल हे ताणाचे संप्रेरक चढे राहते, आणि तेच यकृताला अधिक ग्लुकोज तयार करायला लावते व इन्सुलिनचा प्रभाव कमी करते.

दुसरा दुवा दाहाचा, म्हणजे प्रतिकारयंत्रणा चेतल्याने शरीरात उठणाऱ्या प्रतिक्रियेचा आहे, आणि मला तो अधिक बोलका वाटतो. इंटरल्यूकिन-6 आणि सी-रिअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन या दाह दर्शवणाऱ्या रक्तातील प्रथिनांची पातळी दोन्ही आजारांत सरासरीने वाढलेली आढळते. दाह मनापर्यंत पोहोचतो, हे हिपॅटायटिस सी च्या जुन्या उपचारात दिसले होते: प्रतिकारयंत्रणा चेतवणारे इंटरफेरॉन-अल्फा सुरू केल्यावर बऱ्याच रुग्णांना नैराश्य येत असे.

सर्वाधिक घातक शब्द ‘आपोआप’ हा आहे. एकाचा उपचार म्हणजे दुसऱ्याचा उपचार नव्हे. नॉरट्रिप्टिलिन या औषधाने मधुमेह्यांचे नैराश्य कमी झाले, पण त्याचा थेट परिणाम साखर वाढवण्याकडे झुकणारा होता. याउलट 2010 मधील 214 रुग्णांच्या एका चाचणीत परिचारिकांच्या देखरेखीखाली दोन्हींवर एकत्र उपचार झाले, आणि 12 महिन्यांनी साखर व मनःस्थिती या दोन्हींत नेहमीच्या उपचारांपेक्षा अधिक सुधारणा झाली. त्यामुळे तपासणीचा अहवाल उत्तम असूनही दोन आठवड्यांहून अधिक काळ उदासी हटत नसेल, तर ती डॉक्टरांना स्वतंत्रपणे सांगावी; अहवालाचा आकडा पाहून ती त्यांना कळणार नाही.