ओटीपी सांगा मॅडम

भर काउंटरवर, पब्लिकसमोर, माझी जी शोभा झाली ती अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून काढतेय. मी पोस्टात आहे, काउंटरला, मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी. गावाचं नाव सांगणार नाही, साहेब फेसबुकवर असतात.

साहेब त्या दिवशी मीटिंगला गेलेले. मीटिंगचा विषय, हसू नका, पार्सलचा बिझनेस कसा वाढवायचा. अन् इकडं लिंक गेलेली. लिंक गेली की पोस्टात कुणालाच काही काम उरत नाही, ना आम्हाला ना पब्लिकला, मग सगळे नुसते एकमेकांकडं बघत बसतात. अशा टायमाला दारातून एक पोरगं आत आलं, पाठीवर त्याच्यापेक्षा मोठी पिशवी, अन् लाईनबिईन काही न बघता थेट माझ्या खिडकीशी येऊन जोरात म्हणालं, "पोस्टमास्तर साहेबांचं पार्सल आहे, ओटीपी सांगा मॅडम!"

कुरिअरचं पोरगं. पोस्टात.

तरी मी हळू आवाजात म्हणलं, अरे बाबा जरा बाजूला ये, ठेव तिथं. पण बाकड्यावर एक आबा बसलेले, नातीच्या सुकन्याच्या खात्यात पैसे भरायला आलेले, डोक्याला पटका, हातात पिशवीत गुंडाळलेलं पासबुक. सकाळपासून लिंक नाही म्हणून त्यांच्याकडं वेळच वेळ.

"हे पोष्टच हाये ना बाई?"

"हो आबा."

"मंग ह्यो कोन?"

"कुरिअरवाला आहे."

"अन् पार्सल कुनाचं म्हनला त्यो?"

"साहेबांचं."

"कोनत्या सायबाचं?"

"आमच्याच."

आबा जरा वेळ गप्प बसले. मग सावकाश लाईनीकडं तोंड केलं आणि ज्यांना ऐकू गेलं नव्हतं त्यांच्यासाठी सगळं पहिल्यापासून सांगितलं. शेवटी माझ्याकडं वळून म्हणाले, "म्हंजी पोष्टाच्या सायबाचं पार्सल, पोष्टाच्या पत्त्यावर, अन् आनलं कुनी तर दुसऱ्यानं. आसंच ना? मपलं काही चुकत आसंल तर सांगा."

काय सांगणार. मी आपलं समजावून सांगायला लागले की आबा, ऑनलाईन मागवलं की कुणाच्या हातानं पाठवायचं ते विकणारा ठरवतो, घेणाऱ्याच्या हातात नसतंय. तर म्हणे, मंग तसल्याकडून घ्यावंच कामून? ह्याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. खात्याकडं पण नसावं.

"मपल्या भावकीत एकजन हाये," आबा आता पाय वर घेऊन नीट बसले, "त्याची सोताची पिठाची गिरनी. लाईट आसो नसो, गिऱ्हाईक मोप. अन् बायको दळन घेऊन जाती खालच्या आळीतल्या गिरनीत. म्या इचारलं, वयनी, आसं कामून? तर म्हने तिथं बारीक दळतेत." सगळी लाईन हसली. एक बाई तर तोंडाला पदर लावून. मला हसू येत होतं आणि रागही येत होता, कारण पार्सल माझं नाही, मागवलं मी नाही, अन् खालच्या आळीतली वयनी मात्र मी झाले होते.

इकडं साहेबांना फोन लावला तर कट केला. परत लावला, परत कट. मग मेसेज आला, मीटिंगमध्ये आहे. मी लिहिलं, ओटीपी पाठवा. पोरगं घड्याळ बघतंय, आबा मोबाईलमध्ये डोकावतायत. शेवटी ओटीपी आला, खाली दोन हात जोडलेले. पोरगं लाईनच्या पलीकडं पावती लिहीत उभं, त्यामुळं मला तो आकडा ओरडून सांगावा लागला, आणि मी एकेक आकडा सांगतेय तर माझ्यामागून आबा तोच आकडा पोथी वाचल्यागत म्हणतायत.

पार्सल देऊन पोरगं जाईल असं वाटलं, पण ते खिडकीला टेकून हळूच म्हणालं, "मॅडम, जीडीएसची भरती कधी निघणारे? दहावीला ब्याऐंशी टक्के आहेत, दोनदा भरला फॉर्म, लागतच नाही." आता ग्रामीण डाक सेवकाच्या भरतीला परीक्षा नसते, दहावीच्या मार्कांवर मेरिट लागतं, आणि सुरुवातीचा पगार दहा-बारा हजार प्लस भत्ते. तरी त्याला यायचंय. म्हणे, "लागलं तर हे सोडून देतो उद्याच. तुमच्यात बरं असतंय, टार्गेट नसतंय."

टार्गेट नसतंय! मला एवढ्या जोरात हसू आलं की लाईनीतल्या एकानं विचारलं लिंक आली का.

आबांनी तेवढ्यात निकाल दिला. "म्हंजी ह्याला पोष्टात यायचंय अन् पोष्टाला ह्याच्याकडं जायचंय. मंग आदलाबदल करून टाका की."

त्या डब्यावरचं लेबल मी नंतर बघितलं. सगळ्यात ठळक अक्षरात काय, तर पिनकोड. १५ ऑगस्ट १९७२ ला आमच्या खात्यानं काढलेला, तो पण श्रीराम भिकाजी वेलणकर नावाच्या आपल्या मराठी माणसानं, जे पोस्टातले अधिकारी आणि वर संस्कृतचे कवी. त्या सहा आकड्यांशिवाय कुठल्या कुरिअरवाल्याला लातूर ४१३ मध्ये अन् परभणी ४३१ मध्ये हे कळणार नाही. आणि त्याच्या खाली लँडमार्क लिहिलेला, पोस्ट ऑफिस. पत्ता आमचा, पिन आमचा, खूण आमची. फक्त पैसे तिकडं. आता तर ओटीपी पण आमच्याकडं आलाय, १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टला ओटीपी घेऊन डिलिव्हरी देता येते. पन्नास ग्रॅमपर्यंतचं पाकीट गावातल्या गावात १९ रुपये आणि बाहेर कन्याकुमारीला पाठवा नाहीतर शेजारच्या जिल्ह्यात, ४७ रुपये, वर जीएसटी. कुणाला माहितीये? लोकांना एकच माहितीये की रजिस्टर बंद झालं, म्हणजे पोस्टच बंद झालं. बंद नाही हो झालं, २०२५ मध्ये स्पीड पोस्टात मिळवलंय, हे मी रोज सांगते आणि वकिलाचा कारकून रोज म्हणतो, ते असू द्या, तुम्ही रजिस्टरच करा.

खात्याचं म्हणणं असं की कर्मचाऱ्यांनी घरापासून सुरुवात करावी. केली की. पीएलआय, म्हणजे पोस्टाचा जीवन विमा, माझा आहेच, तो तर १८८४ साली पोस्टातल्या लोकांसाठीच सुरू झालेला, तेव्हा तो आमच्या घरचाच विमा. भाचीच्या लग्नात म्हणलं पत्रिकांना नवरानवरीच्या फोटोची तिकिटं लावू, माय स्टॅम्प, १२ तिकिटांची शीट ३०० ला. दाजी म्हणाले, कशाला, व्हॉट्सॲपवर टाकलंय की सगळ्यांना. आमच्या काउंटरला राखीसाठी वॉटरप्रूफ पाकीट दहा रुपयाला मिळतं, हे मी सगळ्या नणंदांना सांगून ठेवलेलं, तर थोरल्या नणंदेची राखी आली कुरिअरनं. पोस्टातल्या बाईच्या घरी! म्हणे, वहिनी, तुमच्याच लोकांना त्रास नको म्हणून. अन् आता तर लग्नाकार्यात मी मांडवात शिरले की नातेवाईक जेवायच्या पंगतीकडं सटकतात, कारण त्यांना वाटतं ही आता आरपीएलआयचं, म्हणजे खेड्यातल्या लोकांसाठीच्या पोस्टाच्या विम्याचं, विचारणार. बरोबर वाटतं. विचारणारच असते. मार्च महिन्यात तर आम्ही रस्त्यावरच्या माणसाला सुद्धा तुमचं वय पंचावन्नच्या आत आहे का असंच विचारतो. शेवटच्या दिवशी आकडा कमी पडला की जावेच्या पोराच्या नावानं आरडी उघडायची, पहिले शंभर आपल्या पर्समधले, मग ते पोरगं काकूला भेटलं की विचारतं माझे किती झाले.

आणि एक गोष्ट मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. खिडकीवर मी एकटी. बचत खातं मी, स्पीड पोस्ट मी, आधार मी, स्वातंत्र्यदिन आला की पंचवीस रुपयाचा झेंडा मी, गंगाजलाची बाटली पण मीच. गिऱ्हाईक पार्सल घेऊन आलं की त्याला म्हणावं लागतं थांबा, आधी हे पेन्शनवाले होऊ द्या. तो कुठवर थांबेल? समोरच कुरिअरवाल्याचं शटर, तिथं एकच काम, पाच मिनिटात पावती. मग कर्मचाऱ्यानं घरापासून सुरुवात करून करून किती करायची, वर एक माणूस द्या ना काउंटरला, धंदा आपोआप येतो की नाही बघा. पण माणूस मागितला की उत्तर येतं, आहे त्या स्टाफमध्ये भागवा.

लिंक चारच्या सुमाराला आली. आबांनी पाचशे रुपये भरले, पासबुकावर छापून घेतलं, नीट बघितलं आणि जाताना म्हणाले, "बाई, तुमच्या सायबाला म्हनावं सुकन्याला ८.२ टक्के देतेत म्हने पोष्टात, कधी टाईम भेटला तर सायबांनी बी खातं खोलावं."

दुसऱ्या दिवशी साहेब आले ते सर्क्युलर घेऊनच. प्रत्येकानं ओळखीचे दुकानदार गाठायचे, पार्सल आपल्याकडं वळवायचं, रोजचा रिपोर्ट ग्रुपवर. मग डबा उघडला. आत बूट, एक नंबर लहान. घालून बघितले, आत जाईनात, परत डब्यात ठेवले.

"मॅडम, रिटर्न टाकलंय. ते पोरगं येईल पिकअपला, तेवढं देऊन टाका."

मी म्हणलं, साहेब, सर्क्युलर आजच निघालंय, निदान परत पाठवताना तरी आपल्या पार्सलनं पाठवा, मी बुक करते.

साहेब म्हणाले, "त्यांचा पिकअप फुकट असतो मॅडम. आपल्याकडं पैसे पडतेत."