भाडेकरूसकट फ्लॅट विका, महिन्याभरात!

कोथरूडचा फ्लॅट विकायचाय आणि आत भाडेकरू आहेत? घाबरू नका. मी सांगतो तसं करा. मी तसंच केलं, आणि फ्लॅट आजही माझ्याच नावावर आहे.

सुरुवात मुळापासून. अकरा महिन्यांचा करार नोंदवायचाच नाही. नोंदणीचे 1000 रुपये, वर स्टॅम्प ड्यूटी, एजंटचा चहापाण्याचा खर्च, सांगितलंय कोणी? स्टॅम्पपेपरवर दोन सह्या घ्या आणि कपाटात टाका. माणसं देवमाणसं आहेत. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55: नोंदणीची जबाबदारी घरमालकाची, आणि ती नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत. शिवाय मालकाला 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद. नोंदवला असता तर मुदत संपल्यावर कलम 24 खाली ताबा मागता आला असता, वर दुप्पट भाडं. पण हजार रुपये म्हणजे हजार रुपये.

आता गिऱ्हाईक न्या. रविवारी दुपारी दीडला, न कळवता. वहिनी साखळी न काढता दार उघडतील. हॉलच्या मधोमध दोरीवर ओल्या चादरी असतील; गिऱ्हाईक त्या बाजूला सारत बाल्कनी शोधेल. मग चहा येईल. वहिनी फार अगत्यशील. "पाण्याचं काय, टँकर येतो की! आणि वरच्यांचं बाथरूम गळतं, पण फक्त पावसाळ्यात." एवढं बोलून त्या भिंतीवरचं कॅलेंडर हलकेच बाजूला करतील. ओलीचा डाग बऱ्यापैकी महाराष्ट्राच्या नकाशासारखा दिसतो, विदर्भासकट.

चिडून पाणी-वीज तोडू नका. कलम 29 आहे, आणि तिथेही आरोपी तुम्हीच.

त्यापेक्षा गोडीत सांगा, घर रिकामं करा. भाऊ लगेच तयार होतात. "डिपॉझिट द्या काका, उद्या निघतो." डिपॉझिट केव्हाच तुमच्या गाडीच्या डाउनपेमेंटमध्ये गेलेलं असतं. तुम्ही "बघू" म्हणता आणि गाडीतूनच घरी येता.

माझं गिऱ्हाईक जिना उतरताना म्हणालं, "माणसं छान आहेत हो तुमची." पंधरा दिवसांत त्यानं समोरच्या सोसायटीत फ्लॅट घेतला. दाखवला भाऊंनीच. मिळालेल्या दलालीतून त्यांनी माझं दोन महिन्यांचं थकलेलं भाडं भागवलं. पावती मागितली, मी दिली.