नाव काय, तर म्हणे ‘सहज’!

आयटीआर-१ या इन्कम टॅक्स रिटर्नच्या फॉर्मला ‘सहज’ हे नाव ठेवणाऱ्याला एकदा घोडबंदर रोडला आमच्या घरी चहाला बोलवायचंय. बसा म्हणावं, भरा तुम्हीच! पगार एक, रेजीम (करपद्धती) दोन, फॉर्म सात. कमावलं २०२४-२५ मध्ये, फॉर्मवर आकारणी वर्ष लिहायचं २०२५-२६. का? यांचं पंचांग वेगळं छापतात का? एआयएसमध्ये, म्हणजे इन्कम टॅक्सवाल्यांकडच्या आपल्या कमाईच्या नोंदीत, बँकेचं व्याज ३,२४७ रुपये, पासबुकात ३,२०६. त्या ४१ रुपयांपायी अख्खा रविवार गेला! ओटीपी येईस्तोवर सेशन संपलेलं. तिकडे आमचे बाबा, वय वर्षं ७४, रामरक्षेच्या वेळेला व्याजावरच्या सवलतीची कलमं, ‘८०टीटीए की ८०टीटीबी’, पुटपुटताहेत. शेवटी झक मारत सीएला हजार रुपये मोजले. आणि कर किती निघाला? शून्य!