सोमवारी बंद, मंगळवारी बंद, गुरुवारी बंद

आम्ही राहतो साइतामा शहरात, ओमियाला, म्हणजे टोकियोचं ठाणे-डोंबिवलीच म्हणा ना, सकाळी सगळे लोकल पकडून टोकियोत आणि रात्री झोपायला परत. सासू-सासरे आले तेव्हा बाबांनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की टोकियोची गर्दी नको, जवळपासचं काय ते दाखव. नवरा लगेच म्हणाला, "अगं म्युझियमं आहेत की भरपूर, तू घेऊन जा ना," आणि बॅग उचलून ऑफिसला सटकला.

म्युझियमं आहेत हो भरपूर, पण उघडी कधी? रेल्वे म्युझियम मंगळवारी बंद, बोन्साय म्युझियम गुरुवारी बंद, मॉडर्न आर्टवालं सोमवारी बंद, मांगावालं, म्हणजे जपानी कॉमिक्सचं, तेही सोमवारीच. सोमवारी सरकारी सुट्टी आली की मात्र उघडं, शिवाय मध्येच चित्रं बदलायची म्हणूनही बंद. मी हे सगळं कागदावर लिहून फ्रिजवर लावलं तर आई चष्मा लावून वाचत म्हणाल्या, "हे कुणाचे उपास गं?" त्यात त्यांचा स्वतःचा सोमवार आणि गुरुवार धरला तर खाऊनपिऊन निवांत फिरायला बुधवार, शुक्रवार आणि शनिवार-रविवार उरतो, आणि शनिवार-रविवारी तिथे अख्खी साइतामा येते.

बाबा मध्य रेल्वेतून रिटायर झालेले, त्यामुळे पहिला मान रेल्वे म्युझियमचा. ओमियाहून न्यू शटल नावाच्या छोट्या लोकलचं एकच स्टेशन. २००७ ला उघडलेलं हे प्रकरण एवढं मोठं आहे की आत खरी इंजिनं, जुनी शिंकानसेन म्हणजे बुलेट ट्रेन, सगळं उभं आहे आणि मधोमध टर्नटेबलवर, म्हणजे फिरत्या चकतीवर, वाफेचं इंजिन. ते शिट्टी मारतं तेव्हा आई कानावर हात ठेवतात आणि बाबा घड्याळ बघतात. पण बाबा खरे अडकले ते जपानच्या पहिल्या इंजिनापाशी. १८७२ ला शिम्बाशी-योकोहामा लाइनवर धावलेलं, इंग्लंडच्या व्हल्कन फाउंड्रीत बनलेलं. हे वाचल्यावर बाबांना राहवेना, कारण १८५३ च्या बोरीबंदर-ठाणे गाडीची इंजिनंही व्हल्कनचीच. शेजारी एक जपानी आजोबा नातवाला काहीतरी समजावत होते, त्यांना बाबांनी हिंदी-इंग्लिश-खुणा असं मिसळून सांगितलं की आमच्याकडे तुमच्या १९ वर्षं आधी. आजोबांनी कमरेत वाकून नमस्कार केला. बाबाही वाकले. मग आजोबा पुन्हा वाकले. हे किती वेळ चाललं विचारू नका, नातू कंटाळून पुढच्या डब्यात जाऊन बसला.

बोन्साय म्युझियम तोरो स्टेशनपासून पाच मिनिटांवर. १९२३ च्या भूकंपानंतर टोकियोचे बोन्सायवाले इकडे येऊन वसले, १९२५ ला गावच उभं राहिलं, आणि तेव्हा म्हणे नियमच होता की इथे राहायचं तर घरी दहा तरी बोन्साय हवीत आणि दुमजली घर बांधायचं नाही. आपल्या सोसायटीत असा ठराव मांडून बघा एकदा. आत गेल्यावर आईंचे हात शिवशिवायला लागले. बाल्कनीत कढीपत्ता, तुळस, मोगरा सांभाळलेली बाई ती, झाड दिसलं की पिवळं पान खुडणार, मी पूर्ण वेळ त्यांचा हात धरून, लोकांना वाटलं केवढं प्रेम. झाडाला पुढची बाजू आणि मागची बाजू असते, पुढूनच बघायचं, हे मी वाचून सांगितलं तर त्या मुद्दाम मागे जाऊन बघून आल्या आणि म्हणाल्या, "पाठीमागून तार बांधलीये बिचाऱ्याला." नुसतं पाणी घालायला शिकायलाच तीन वर्षं लागतात असं बोन्सायवाले म्हणतात, हेही सांगितलं. त्यावर "आमच्या मंदाला सहा महिन्यात शिकवलं मी," एवढंच.

मांगा कायकान जवळच, फुकट आहे, १९६६ पासूनचं, आई-बाबांनी तिथलं टॉयलेट बघितलं. छान होतं म्हणे.

किता-उरावाचं मॉडर्न आर्ट म्युझियम १९८२ चं, कुरोकावा किशो यांनी डिझाइन केलेलं. बाबांना पिशवी ठेवायची होती म्हणून कॉइन लॉकरकडे गेलो, तर काही लॉकरच्या आत लाल-हिरवे आकडे पळतायत. बाबा म्हणाले, "मीटर बिघडलाय, कुणाला तरी सांग." मला सांगावं लागलं की बाबा, ही कलाकृती आहे, मियाजिमा तात्सुओ यांची, १९९६ ची. बाबांनी पिशवी छातीशी घट्ट धरली आणि शेवटपर्यंत कुठेच ठेवली नाही. पुढे मोने या फ्रेंच चित्रकाराचं गवताच्या गंजीचं चित्र होतं, ते त्यांना पसंत पडलं, "हे कळतंय." त्यावर काहीतरी टिपायला खिशातून बॉलपेन काढलं तर कोपऱ्यातली बाई आवाज न करता कुठूनशी पोचली आणि दोन्ही हातांनी पेन्सिल पुढे केली.

पण या म्युझियमची खरी ख्याती खुर्च्यांची. नामांकित डिझायनरांच्या खुर्च्या आहेत आणि त्यावर चक्क बसता येतं, आज कुठल्या खुर्च्यांवर बसायचं त्याची पाटीही असते. दिवसभर चालून चालून आमची वाट लागलेली, आईंनी एक पकडली, बाबांनी दुसरी. बाबा म्हणाले, "आत्ता समजलं बरं का मॉडर्न आर्ट," आणि मान मागे टाकून झोपले. घोरायला लागल्यावर एक गार्ड आला, त्याने पाटी नीट वाचली, बाबांकडे बघितलं, पुन्हा पाटी वाचली. बसायला परवानगी होती, घोरण्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, सबब तो मला वाकून नमस्कार करून निघून गेला.